पाच ओळींची रोजनिशी: ड्रॉपरचं पेन, दौत आणि दोनशे पानी वही

दादरच्या फुलबाजारात झेंडूच्या पोत्यावर झोपलेलं मांजर. चहात बुडवताना नेमकी तुटून तळाशी गेलेली खारी. पहिल्या पावसानंतर टॅक्सीच्या टपाला चिकटलेल्या गुलमोहराच्या पाकळ्या. असल्या गोष्टी फोनमध्ये टिपून ठेवल्या की त्या किराण्याच्या यादीखाली गाडल्या जातात आणि पुन्हा वर येत नाहीत. म्हणून रोज पाच ओळी हाताने लिहायची सवय पुष्कळांना लावून घ्यायची असते, आणि त्यासाठी शाईचं पेन घ्यावं का, हा प्रश्न हमखास येतो. हे परीक्षण त्या एवढ्याच कामापुरतं आहे: ड्रॉपरने शाई भरायचं पेन, शाईची दौत आणि वही. तीन वस्तू, मुंबईच्या हवेत, रोज पाच ओळी.

निकाल आधीच सांगून टाकायचा तर पेनावर शंभर रुपये पुरतात, वहीवर कंजुषी नको. पुण्यात किंवा नाशकात हे गणित थोडं वेगळं निघेल. मुंबईत कागदच सगळं ठरवतो, कारण इथे तो वर्षातले चार महिने ओलसर असतो.

आधी पेन. ड्रॉपरचं पेन म्हणजे आत ना रबरी नळी, ना दट्ट्या, ना काडतूस (शाईची तयार भरलेली नळी). मागची नळी हीच टाकी. पुढचा भाग फिरवून काढायचा, टाकीत थेट शाई सोडायची आणि पुन्हा आवळायचा. बिघडण्यासारखं जवळपास काही नाही. टाकीत 2 ते 3 मिली शाई मावते. आखूड काडतुसात ती जेमतेम 0.8 मिली असते. ऐकायला हा मोठा फायदा वाटतो. पण रोज पाच ओळी म्हणजे महिन्याला सहा-सात पानं, त्याला इतकी शाई लागतच नाही. ती टाकीत बसून राहते, पाणी उडून दाट होते आणि दुसऱ्या महिन्यात पेन पहिला शब्द उमटवायला कुरकुर करतं. तेव्हा ‘जास्त मावते’ या गुणावर भाळून पेन घेऊ नका. भाळायचंच तर त्याच्या साधेपणावर भाळा.

खरेदीला क्रॉफर्ड मार्केटहून पायधुणीकडे जाणारी अब्दुल रहमान स्ट्रीट बरी. स्टेशनरीचा घाऊक बाजार आहे, मशीद बंदर किंवा सीएसएमटी स्टेशनवरून चालत जाता येतं. रविवारी जाऊ नका, बरीच शटरं खाली असतात. फोर्टात फ्लोरा फाउंटनच्या आसपासही पेनांची दुकानं सापडतात (फाउंटन पेन घ्यायला फाउंटनला, हा विनोद तिथल्या दुकानदारांनी इतक्यांदा ऐकलेला असतो की आपण करू नये). घाऊकवाला डझनाने विकतो, एक पेन मागितलं तर तोंड वाकडं करील. दोन-तीन वेगळी पेनं आणि एक दौत एकदम मागितली की काम होतं.

दुकानात पेन कोरडं बघू नका. दुकानदाराला निब शाईत बुडवून द्यायला सांगा आणि सही करू नका, सही कुठल्याही निबने झोकात येते. गोल गोल वेटोळीही काढू नका. ‘वैशिष्ट्य’, ‘अक्षय्य’, ‘कोल्हाळ’, ‘ज्ञानेश्वरी’ असे शब्द लिहा आणि प्रत्येकावर शिरोरेघ ओढा. देवनागरीत निबची खरी परीक्षा शिरोरेघ घेते. अक्षर लिहिताना निब वरून खाली, वळत, थांबत जाते, त्यात तिचे दोष लपतात. शिरोरेघेला ती डावीकडून उजवीकडे सरळ, एका दमात जाते. निबची दोन टोकं वरखाली असतील तर नेमकी इथे ती कागद ओरबाडते. हाताला जाणवतं आणि कान जवळ नेला तर खरखर ऐकूही येते. दहापट मोठं दाखवणारं भिंग असेल तर समोरून बघा: दोन्ही टोकं एका पातळीत हवीत आणि मधली फट टोकाकडे निमुळती होत गेलेली हवी. टोकापाशी फट उघडी दिसली तर ते पेन परत ठेवा.

शिरोरेघेची दुसरी अडचण शाईची आहे. आपण शब्द लिहून झाल्यावर त्याच्या डोक्यावरून रेघ ओढतो, म्हणजे अजून ओल्या असलेल्या प्रत्येक दांड्याला निब पुन्हा शिवते. शाई सढळ सोडणारी निब असेल तर प्रत्येक सांध्यावर बारीक ठिपका साठतो आणि शब्दाच्या डोक्यावर मण्यांची माळ दिसते. अनुस्वाराचंही तेच, टिंबाऐवजी टपोरा थेंब पडतो. म्हणून मराठीसाठी बारीक निबच घ्यावी, दुकानात ‘फाइन’ म्हणून मागावी. मध्यम निबने 8 मिलिमीटरच्या रेघांमध्ये ‘ष्ट्य’ लिहिलं की त्याची पोटं बुजतात. जाड निबचं लिखाण इंग्रजी पाकिटांवर छान दिसतं, तिथेच राहू द्यावं.

मोडीत हा प्रश्न उलट बाजूने सोडवला होता. कागदभर आडवी रेघ आधी ओढायची आणि अक्षरं तिच्याखाली लटकवत जायची, म्हणजे ओल्या अक्षरांवरून टाक फिरवायलाच नको. आखीव वहीत हे आजही करता येतं. शब्द छापील रेघेवर बसवण्याऐवजी रेघेखाली टांगा, छापील रेघच शिरोरेघ होते. चार दिवस डोळ्यांना खटकतं, मग लिखाणाचा वेग वाढतो. मण्यांची माळ तर गायबच होते.

आता पेनाच्या जाती. सगळ्यात स्वस्त ते प्लॅस्टिकचं, पारदर्शक टाकीचं. शाई किती उरली ते दिसतं, आणि पुढे सांगितलेल्या एका भानगडीसाठी ते दिसणं फार उपयोगी आहे. दुसरं एबोनाइटचं, म्हणजे गंधक घालून कडक केलेल्या रबराचं, लेथवर हाताने कातलेलं. राजमहेंद्रीला 1930 च्या दशकात रत्नम नावाने स्वदेशी पेनं बनू लागली, त्या परंपरेतली पेनं आजही आंध्रातून येतात. हजाराच्या घरात आणि वर किंमत जाते. हातात कोमट लागतं, घामाने निसटत नाही, उष्णता सावकाश आत जाऊ देतं. खिडकीत उन्हाला ठेवलं तर काळा रंग तपकिरी पडतो आणि ओलं करून चोळलं तर गंधकाचा वास येतो. हा दोष नव्हे, पदार्थच तसा आहे. तिसरं काडतूस किंवा दट्ट्यावालं पेन. खरं सांगायचं तर पाच ओळींच्या कामाला हेच सगळ्यात सोयीचं. पण त्यात हाताला काही करायला उरत नाही, आणि दर महिन्याला पेन उघडून भरण्यात जी दहा मिनिटं जातात ती ज्यांना हवीशी वाटतात त्यांनी ड्रॉपरच घ्यावं.

नवं पेन थेट भरू नका. कातताना लागलेलं तेल निबच्या मागे राहिलेलं असतं आणि त्यावर शाई ठरत नाही, मग लोक पेनाला नावं ठेवतात. कपभर कोमट पाण्यात भांडी घासायच्या द्रव साबणाचा एक थेंब टाका, पुढचा भाग त्यात पंधरा मिनिटं बुडवून ठेवा, साध्या पाण्याने तीन-चारदा खळबळा आणि फडक्यावर निब खाली करून रात्रभर ठेवा. उकळतं पाणी नको, स्पिरिट तर मुळीच नको; अॅक्रिलिकला त्याने बारीक तडे जातात. भरण्यापूर्वी आट्यांना सिलिकॉन ग्रीस लावायचं, मोहरीएवढं, बोटाने गोल फिरवून. व्हॅसलीन लावू नका, आत रबरी कडी असेल तर ती फुगते आणि सैल पडते. मग ड्रॉपरने टाकी आट्यांच्या जरा खालपर्यंत भरा, काठोकाठ नको. पुढचा भाग बोटाच्या जोराने आवळा, पक्कड कशासाठीही नको. निब खाली करून पाच मिनिटं कपात उभं ठेवलं की शाई आपसूक टोकाला येते. झटकू नका. शाळेत पेन झटकायची सवय लागलेल्या पिढीच्या भिंतींवर अजून ते ठिपके असतील.

एवढं करूनही शाई तुटक येत असेल तर निब आणि तिच्याखालची काळी जीभ यांच्यात फट आहे का बघा. उजेडाकडे धरून कडेने पाहिलं की कळतं. जीभ एबोनाइटची असेल तर वाफाळत्या पाण्यात निबसकट फक्त पुढचं टोक वीस-तीस सेकंद धरायचं, फडक्यात धरून अंगठ्याने जीभ निबवर दाबायची आणि गार होईपर्यंत तसंच ठेवायचं. ती वाकून निबला चिकटते. जीभ प्लॅस्टिकची असेल तर हा उद्योग करू नका. ती एबोनाइटसारखी नीट वाकत नाही, बिघडू शकते.

आता ती भानगड. ड्रॉपरचं पेन ‘गळतं’ ही तक्रार सगळीकडे ऐकू येते आणि ती निम्मी खरी आहे. पेन फुटलेलं नसतं, आट्याही घट्ट असतात. टाकी अर्ध्याहून रिकामी झाली की वरची जागा हवेने भरते, आणि ही हवा गरम झाली की पसरते. हिशोब सोपा आहे. टाकीत 2 मिली हवा आहे, पेन 24 अंशांच्या एसी ऑफिसात पडलं होतं, तुम्ही ते मुठीत धरलं आणि हवा 34 अंशांपर्यंत तापली. दहा अंशांना हवा साधारण साडेतीन टक्के फुगते, म्हणजे 0.07 मिली. शाईचा एक थेंब सुमारे 0.05 मिलीचा. म्हणजे दीड थेंब कुठेतरी जायलाच हवा आणि त्याला वाट एकच, निबची. नेमकं बघायचं असेल तर बघा: आधी जिभेच्या पन्हाळी काळ्या होतात, मग निबच्या मधल्या छिद्रापाशी शाईचा फुगा चकाकायला लागतो, क्षणभर थबकतो आणि तुम्ही लिहीत असलेल्या शब्दावर उतरतो.

उपाय तीन, आणि त्यातला पहिलाच खरा: टाकी एक तृतीयांशावर आली की भरा, रिकामी होईपर्यंत थांबू नका. इथे पारदर्शक टाकी कामाला येते. दुसरा, पेन उघडताना निब वर ठेवून काही सेकंद हातात धरा, फुगलेली हवा निबवाटे सुटून जाते. तिसरा, जाड एबोनाइट, पण त्याला हजार रुपये लागतात आणि पहिल्याला फुकट भागतं. आधी म्हटलं तसं पाच ओळीवाल्याची शाई महिनोन्‌महिने टाकीत राहते, तेव्हा महिन्यातून एकदा उरलेली ओतून टाका, पेन धुवा, ताजी भरा. मिलीभर शाई मोरीत गेली म्हणून हळहळू नका, साठ मिलीच्या दौतीत ती काही खिजगणतीत नाही.

शाईबद्दल मुंबईकराला फार लांब जावं लागत नाही. दांडेकर बंधूंनी 1931 साली याच शहरात शाईच्या पुड्या आणि वड्या बनवायला सुरुवात केली, तेव्हा छाप घोड्याचा होता. उंट मागाहून आला आणि त्यातून कॅम्लिन झालं. 2011 मध्ये कंपनीची निम्म्याहून अधिक मालकी जपानी कोकुयोकडे गेली, तरी दौत तुमच्या नाक्यावरच्या स्टेशनरीवाल्याकडे असतेच. पेनासाठी साधी निळी शाई सगळ्यात बिनधोक. वाहते छान, पेनातून धुतली जाते छान, पण कागदावरूनही पाण्याने धुतली जाते आणि हीच तिची मुंबईतली गोची. जूनमध्ये छत्रीवरून वहीवर एक ओघळ आला की मे महिना पुसला.

टिकाऊ शाई हवी असेल तर तिच्यातलं लोखंड शोधा. आपल्याकडे हिरडा आणि हिराकस एकत्र करून शाई करत, ती याच कुळातली. हिरड्यातलं टॅनिन आणि हिराकशीतलं लोखंड मिळून कागदाच्या धाग्यांत बसतं आणि हवेने काळं होतं. जुन्या ‘ब्लू-ब्लॅक’ नावाचा अर्थही हाच, लिहिताना निळी आणि वाळल्यावर काळी. आज त्या नावाने मिळणाऱ्या पुष्कळ शाया नुसत्या रंगाच्या असतात, त्यामुळे लेबलावर विश्वास न ठेवता घरी परीक्षा करा: एक ओळ लिहा, 24 तास जाऊ द्या, वर पाण्याचा थेंब ठेवा, मिनिटाने टीपकागदाने उचला. राखाडी ओळ शिल्लक राहिली तर पावसाळ्याला चालेल. खऱ्या लोखंडी शाईची एक मजा अशी की रात्री फिकट वाटलेली ओळ सकाळी उघडावी तर गडद झालेली असते. जाच असा की ती आम्लधर्मी असते, पेन दोन-तीन आठवड्यांनी धुवावंच लागतं, नाहीतर स्वस्त पोलादी निब गंजते.

एक धोका मात्र मोठा. दुकानात ‘काळी, वॉटरप्रूफ’ म्हणून मागितलं तर चित्रकलेची शाई हातात पडू शकते. ब्रश आणि टाकासाठी ती उत्तम, पण तिच्यात लाखेसारखा बांधणारा पदार्थ असतो. पेनात वाळली की जीभ कायमची बुजते, कुठल्याही साबणाने सुटत नाही. दौतीवर ‘ड्रॉइंग’ शब्द दिसला की खाली ठेवा. आणि पेनातली उरलेली शाई दौतीत परत ओतू नका. पावसाळ्यात दौत उघडल्यावर वर साय दिसली किंवा कुबट वास आला तर बुरशी धरली आहे. गाळून वापरायचा मोह टाळा, फेकून द्या.

आता वही, जिथे खरे पैसे घालायचे. स्वस्त दोनशे पानी वहीत शाई फुटते, हे शाळेपासून ठाऊक आहे. का फुटते? कागद म्हणजे धाग्यांची जाळी. गिरणीत त्याला खळ दिलेली असते ती शाईला वरच थोपवते. खळ कमी असेल तर शाई धाग्याधाग्याने धावते आणि ‘क’ ला मिशा फुटतात. त्यात जुलैची हवा, धागे आधीच ओले, शाई वाळायला जास्त वेळ आणि पसरायला तेवढीच मोकळीक. म्हणून जी वही मार्चमध्ये ठीक वाटली ती पावसाळ्यात नाठाळ होते. वही घ्यायची तर जुलैत पारखून घ्यावी.

जीएसएम (एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) बघा पण त्यावरच भुलू नका. 60 च्या खाली मागच्या पानावर शाई दिसणारच. 80 ला बरं वाटतं, पण खळ नसलेला 100 चा कागद खळ दिलेल्या 70 पेक्षा वाईट वागतो. हातकागद दिसायला देखणा असतो, शाईच्या पेनाला बहुधा शत्रू. बारीक निबमध्ये त्याचे तंतू अडकतात आणि रेघ जाड होत जाते. तंतू अडकला तर ब्लेड घालू नका, जुन्या कॅमेऱ्याच्या रिळाचा तुकडा किंवा पातळ प्लॅस्टिक फटीतून एकदा फिरवा. दुकानात परीक्षा एकच: शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात निबने ठिपका द्या आणि पाच सेकंद टेकवून ठेवा. कड गुळगुळीत राहिली तर घ्या, कोळ्याचं जाळं झालं तर ठेवा. दुकानदार हरकत घेत असेल तर आधी पैसे द्या, मग ठिपका द्या, आणि पहिल्यांदा एकच वही घ्या.

पानाच्या खालच्या अर्ध्यात पेन अडखळतं ही तक्रारही नेहमीची, आणि त्यात पेनाचा काही दोष नसतो. वरच्या ओळी लिहिताना तळव्याचा घाम आणि तेल खालच्या कागदाला लागलेलं असतं, त्यावर पाण्याची शाई धरत नाही. जेवणानंतर लिहिणाऱ्यांना हे जास्त भोवतं. हाताखाली टीपकागद घ्या, विषय संपला. वही कपाटात कपड्यांजवळ ठेवावी, खिडकीशी किंवा जमिनीलगत नको.

लोकलमध्ये लिहिणाऱ्यांसाठी दोन शब्द. पेन खिशात निब वर ठेवूनच, आणि झाकण आट्यांचं हवं, खटक्याचं नको. दारातल्या धक्काबुक्कीत खटक्याचं झाकण खिशात राहतं आणि उघडी निब शर्टात. चौथ्या सीटवर बसून शाईने लिहायचा विचार सोडा, तिथे अर्धं अंग हवेत असतं. खिडकी मिळाली तरी स्टेशनात गाडी उभी असताना ओळ लिहा आणि वही मिटायच्या आधी टीपकागद दाबा, नाहीतर समोरच्या पानावर उलट्या अक्षरांत तीच रोजनिशी छापली जाते.

डावखुऱ्यांनी हा खटाटोप करू नये असं नाही, पण त्यांचा हात ओल्या ओळीवरून जातो आणि मुंबईच्या हवेत ती ओळ लवकर वाळत नाही. वही उजवीकडे बरीच तिरपी करून हात ओळीच्या खाली ठेवून लिहिता येत असेल तरच घ्यावं. हात वरून वळवून लिहिणाऱ्यांना जेल पेन बरं.

शर्टाला डाग पडला तर चोळू नका. खाली टीपकागद धरून वरून गार पाणी सोडा, साध्या निळ्या शाईचा बराचसा डाग तिथेच उतरतो, उरलेला साबणाने जातो. लोखंडी शाई असेल तर ब्लीच टाकू नका. निळा रंग उडतो, लोखंड मागे राहतं आणि डाग गंजासारखा पिवळा होऊन पक्का बसतो. लिंबू पिळून दहा मिनिटं ठेवा आणि मग धुवा. रंगीत शर्ट असेल तर आधी आतल्या शिवणीवर करून बघा.